पाणसळ

ही जमीन मी घातली.
पोर्तोच्या अग्निशामकांच्या या जुन्या हॉलमध्ये
अकराशे चाळीस फरश्या,
काळी, पांढरी, काळी, पांढरी,
सत्तावीस दिवस, गुडघ्यांवर.
तेव्हा गुडघे होते. म्हणजे,
आहेत हे लक्षात ठेवावं लागत नसे.

लोक म्हणतात, गुडघे टेकले म्हणजे हरला माणूस.
मी तर गुडघे टेकूनच घर चालवलं,
दोन मुलींचे दात सरळ करून घेतले,
बायकोला एकदा समुद्रापलीकडचं बेट दाखवलं.

आता चौसष्टाव्या वर्षी
खुब्यात कुणी वाळू ओतून ठेवलीय.
जिना उतरताना गुडघा
ऐन वेळी हात सोडतो, उधारी बुडवणाऱ्या मित्रासारखा.
डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला,
म्हणाल्या, इथली फट बघा, किती कमी झालीय.
मी म्हटलं, आयुष्यभर फटी बुजवत आलो,
ही एकच बुजायला नको होती.
त्या हसल्या नाहीत.
चिठ्ठीवर लिहिलं: पिलाटीज, आठवड्यातून दोनदा.

म्हणून मंगळवारी सकाळी इथं.
पाच विधवा, निवृत्त ट्रामचालक एउझेनिओ, आणि मी,
ओळीनं उताणे, डब्यातल्या मासळीसारखे.
झुल्मीरा अनवाणी फिरते आमच्यामधून.
म्हणते, कंबर दाबू नका, कमानही नको, मधोमध.
मधोमध म्हणजे कुठे, बाई?
माझं शरीर मला
जिथं दुखतं तेवढंच ठाऊक.

ती माझ्यापाशी उकिडवी बसली.
"आदेरितू, ओटीपोटावर पाणसळ ठेवलीय समजा.
बुडबुडा मध्ये आणा."

असं सांगा की मग.
बुडबुडा छातीकडे पळाला, पायांकडे पळाला,
थरथरला,
आणि दोन रेघांच्या मध्ये
येऊन बसला क्षणभर.
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी समतल केल्या.
स्वतःला पाणसळ लावली नव्हती कधी.

मग कुशीवर. पावलं जुळलेली, वरचा गुडघा उघडायचा,
शिंपल्यासारखा, म्हणाली झुल्मीरा.
दिओलिंदा खदखदली:
"तीस वर्षं बंदरावर शिंपले विकले, पोरी,
सुरी लावल्याशिवाय एक उघडला नाही."
तिचा गुडघा चार बोटं उघडला. माझा दोन.

मग पूल. मणक्यामागून मणका उचलत
कंबर वर न्यायची. एउझेनिओ खालून कण्हला,
"या पुलावरून ट्राम जायची नाही."

"गुडघ्याला एकट्याला का राबवता?"
झुल्मीरा माझ्या ढुंगणावर बोट टोचून विचारते,
"हे झोपलंय बघा."
आमच्या टोळीतही हेच होतं.
मुकादम सिगारेट ओढत उभा,
आणि चौदा वर्षांचा नूनो एकटा
सिमेंटच्या गोण्या वाहतोय.
मीही तेव्हा काही बोललो नव्हतो.

दुखणं गेलं म्हणणार नाही.
सरकलं थोडं,
बाकावर कुणाला जागा करून द्यावी तसं.

आणि एक गोष्ट. डाव्या खांद्याखाली
एक काळी फरशी केसभर वर आहे.
चटईतूनही कळते.
धाकटी जन्मली त्या दुपारी बसवलेली,
निरोप आला तसा मी हातोडी टाकून पळालो होतो.
इतकी वर्षं इथं नाच झाले, लग्नं झाली,
कुणी अडखळलं नाही.
मीच तिच्यावर दर मंगळवारी पाठ टेकतो.
झुल्मीरानं विचारलं, टोचतंय का, चटई सरकवू?
नको म्हटलं.

घरापर्यंत चढाच्या एकेचाळीस पायऱ्या.
आज एकोणतिसाव्या पायरीवर थांबलो.
गेल्या आठवड्यात तेविसाव्या.
वर कुणाच्या तरी खिडकीत
ओल्या चादरी वाळत होत्या. पूर्वी दिसल्या नव्हत्या,
मी पायऱ्याच बघत असायचो.