बंद पेटीतली हवा

वुस्टरमधलं आमचं घर उतरत्या छपराचं.
वरच्या खोलीत भिंत खांद्यापर्यंत येते आणि थांबते,
मग छप्परच अंगावर येतं.
त्या भिंतीमागे एक तिकोनी काळोख आहे,
सव्वीस फूट लांब, सहा रुंद,
उंची पाच, तीही एकाच कडेला.

सबवूफरला मी पेटी बांधणार नाही.
या प्रकाराला पेटी नसतेच.
भिंतीला भोकं पाडायची,
पंधरा इंची चार स्पीकर बसवायचे,
मागचा काळोख हीच पेटी.
अट एकच : पुढची लाट आणि मागची लाट
भेटता कामा नयेत.
भेटल्या की दोघी मिटतात.

शेजारचा नॉर्म थिबोडो सुतारकाम करायचा.
त्याने बोटाच्या पेराने भिंत वाजवून पाहिली,
"फट राहिली तर सगळं फुकट" म्हणाला,
आणि सिलिकॉनच्या सहा नळ्या ठेवून गेला.

एका स्पीकरच्या नावावर दोनशे साठ लिटर हवा.
चौघांची हजार चाळीस.
जागा हवी दसपट.
माझ्याकडे अकरा हजार.
शरयू म्हणाली, मग झालं की.

झालं कुठलं.
गुलाबी इन्सुलेशन वजा,
नऊ वर्षांचे टॅक्सचे कागद वजा,
पुरणयंत्र, खोक्यासकट,
नाताळचं प्लास्टिकचं झाड (ते का घेतलं होतं आपण?),
दोन मोठ्या बॅगा, ज्या घेऊन आलो त्या.
आठशे पन्नास गेले.
अडीचशे कमी.

फेब्रुवारी. छपरावर हातभर बर्फ,
आतून खिळ्यांची टोकं डोक्याशी.
गुडघ्यांवर सरकत बॅगांपाशी गेलो.
दांड्यांना विमानाच्या पट्ट्या अजून होत्या.
रिकाम्याच, पण चेन लावलेली,
आणि बंद पेटीतली हवा
हिशोबात धरत नाहीत.

उघडल्या.
एकीतून डांबरगोळ्यांचा वास आला,
दुसरीच्या कप्प्यात सांगलीच्या कुलपाची किल्ली,
कुठल्या कुलपाची ते आठवेना.
एकशे तीस अधिक एकशे तीस.
दहा लिटर वरच उरले.

बुटक्या दारातून शरयूचा टॉर्च आत आला,
आधी बॅगांवर थांबला, मग माझ्यावर.
"कुठं निघालास?"
"हवा मोजतोय."
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"त्या चेनचे पत्रे खुळखुळतील खालच्या सुरांना.
चिंधी बांध."