काटा स्थिर होत नाही

गोणी आली ती भाजीच्या टेम्पोतून,
वर खडूने लिहिलेलं: टाकाऊ.
नालासोपाऱ्याचा सरबतवाला फळांचा रस काढतो,
साली आम्हाला पाठवतो, फुकट,
वर टेम्पोचं भाडंही तोच देतो.
त्याला गाळ्यामागे माश्या नकोत.

फड्या निवडुंगाच्या साली, सोबत
कुंपण छाटताना उडवलेले चार-दोन फडे.
पास्तेमामांनी चिमट्याने एक उचलला,
मोडून पाहिला:
"दूध नाही. म्हणजे तो तीनधारी नव्हे. चालेल."
ही आमची पहिली चाचणी.
अहवालात ती कुठेच नाही.

दिसतात त्या काट्यांचं काही नाही.
न दिसणारे, लव असावी तसे,
ते बर्नरवर जाळायचे.
तडतडतात, मोहरीहून बारीक, कानाला जेमतेम.
तरी एखादा राहतोच.
आजचा माझ्या अंगठ्यात आहे,
पेन जरा तिरपं धरावं लागतंय.

मग चिरणं.
सुरीला तार, ओट्याला तार, कोपरापर्यंत तार.
घरी भेंडीची हीच तार
आई आमसूल टाकून मारते.
इथे मी ती जपते,
कोमट पाण्यात दोन तास, उकळी येऊ न देता.
पाणी घट्ट होतं ते काचकांडी धरलेल्या हाताला आधी कळतं,
डोळ्यांना नंतर.

गाळताना फिल्टर पेपर दहा मिनिटांत चोंदले.
तेव्हा मामांनी डब्याच्या पिशवीतून काढली
घडी केलेली मलमल.
"घरी हिच्यातून कुरडयांचा चीक गाळतात."
मग काकूंना?
"सांगितलंय, सरकारी कामाला पाहिजे."

गाळलेल्यात तिप्पट अल्कोहोल, गार,
काठाकाठाने.
आधी काहीच नाही.
अजून काहीच नाही.
मग तळाशी नाही, वरही नाही, मधोमध
काहीतरी पांढुरकं स्वतःला वेगळं काढू लागतं,
चालू भांडणातून उठून जाणाऱ्या बाईसारखं,
सावकाश, पदर सावरत.
पुस्तकात याला अवक्षेप म्हणतात.
मामा म्हणतात, "आली."

रात्रभर ओव्हन, सकाळी खल.
दोन किलो सालींची चिमटी-दोन चिमटी भुकटी,
फिकट गुलाबी, चव नसलेली.
उद्या कुणाच्या तरी ग्लासात ती ढवळली जाईल,
पोटात फुगून बसेल,
साखरेला म्हणेल, थांब जरा, रांगेने ये.
अनुदानाच्या अर्जात हेच आहे,
बऱ्या भाषेत.

वजनकाट्यावर ठेवली. ११.०२.
वही उघडेपर्यंत ११.०५.
टोपण काढेपर्यंत ११.०९.
काटा बिघडला म्हणून मी त्याला चापट मारली.
११.१४.

खिडकी उघडी होती.
माटुंग्याची मे महिन्यातली हवा,
मानेला चिकटणारी, मिठागराच्या वासाची.
भुकटी ती पीत होती.

जाळलं, चिरलं, गाळलं, दारूत बुडवलं,
सुकवून दगडाने घोटलं,
तरी तिला एकच काम आठवत होतं:
मिळेल तिथून पाणी धर, सोडू नको.
कुठल्यातरी बरड माळावर शिकलेलं ते.
आणि इथे तर नुसत्या हवेतून,
न मागता.
मला वाटलं, हिला कुणीतरी सांगायला हवं
की बाई, पुरे, मुंबई आहे ही.

११.२३.
"मामा, कुठला आकडा लिहू?"
ते बाटल्यांना बुचं लावत होते.
"कुठलाही लिही. शेजारी वेळ लिही.
आणि खिडकी उघडी होती, ते पण."

लिहिलं. तिरपं आलं.
मामांनी मलमल तीनदा खळबळून पिळली,
उजेडाकडे धरली, पुन्हा पिळली,
आणि डाग आतल्या बाजूला जाईल अशी घडी घातली.
यंदा त्यांच्याकडच्या कुरडया
जरा गुलाबी होतील.