दहा थाऊ

पातं डोलतंय, हे आधी कानाला कळलं.
वाडीत, रंगमहालाच्या मागे, दुपारी तीनचा सुमार.
सागाच्या पट्टीत शिरताना करवत
सूं न म्हणता घर्र घर्र म्हणाली
आणि कापाच्या कडेला काळा चट्टा उठला,
तव्यावर विसरलेल्या पोळीसारखा.

आम्ही बाजाच्या पेट्या करतो.
बोटाखालची एकेक पट्टी
शेजारणीला न घासता खाली जायला हवी.
मधे जागा किती? पोस्टकार्ड सरकेल एवढी.
आणि इथे तीन मिलिमीटरचा काप
चारचा झालेला.

पहिला दोष मी कल्पेशला दिला.
राठव्यांचा पोरगा, छोटा उदेपूरकडचा, एकोणीस वर्षांचा.
"हात हलतोय तुझा," म्हणाले.
तो काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवसापासून डावं कोपर पोटाशी दाबून,
श्वास धरून लाकूड ढकलायला लागला.
शनिवारी वाया गेलेल्या पट्ट्यांचे एकशे ऐंशी कापले.
वहीत लिहिलेही. निळ्या शाईने.

मग नवं पातं आणलं, साठ दातांचं.
मग बेअरिंग. मग पट्टा.
मग मोटरखालच्या रबरी गाद्या.
हंसाबेन म्हणाल्या, लिंबू बांध.
तेही बांधलं. डोललं.

शेवटी मकरपुऱ्याहून रमणिकभाई पंचाल आले,
सत्तरीचे टर्नर, डायलगेज रुमालात गुंडाळलेला.
"मोटर बंद करो, बेन."
पातं उतरवलं. शाफ्टला टोक टेकवलं, हाताने फिरवलं:
काटा जागचा हलला नाही.
मग वॉशरला टेकवलं.
काटा उठला, बसला, उठला,
वर्गाबाहेर उठाबशा काढणाऱ्या पोरासारखा.

"दहा थाऊ," ते म्हणाले.
"इथे दहा, म्हणजे दातांपाशी पन्नास.
छत्रीचा दांडा बोटभर कलवा,
मग बघा कापड कुठे जातं."

वॉशर म्हणजे पत्र्यातून ठोकून काढलेली बारा रुपयांची चकती,
पालथ्या ताटलीसारखी किंचित फुगलेली.
कडेला बर. आणि आत, नेमकी पात्याला टेकते तिथे,
लाकडाचा चीक भाजून घट्ट झालेला,
खसखशीचा एक दाणा चिरडावा एवढा.
चार महिने आम्ही सगळे
त्या खसखशीभोवती फिरत होतो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन नव्या आणल्या
तेलकट कागदात.
चांगल्या जाड, लेथवर एकाच पकडीत तासलेल्या,
मधला भाग मुद्दाम खोल घेतलेला,
टेकते ती फक्त बांगडीएवढी कड.
मी विचारलं, नुसत्या कडेने धरलं तर सुटणार नाही?
"तुम्ही भरलेली थाळी कशी उचलता?
आखी टेकवली तर कुठे ना कुठे डोंगर निघतोच.
आणि नट आवळताना
जीव नाय काढायचा."

कल्पेशने पट्टी लावली.
कोपर पोटाशी. श्वास धरलेला.
सूं.
काप त्याने अंगठ्याने पाहिला, दोनदा.
माझ्याकडे पाहिलं नाही.

वहीतली निळी ओळ मी खोडली.
एकशे ऐंशी रंध्याखाली ठेवले, सकाळीच.
त्याने उचलले संध्याकाळी, झाडून झाल्यावर.
"कोपर सोड आता," म्हणाले.
सुटायला आठवडा लागला.

जुनी चकती भंगारात टाकणार होते, तर त्याने मागितली.
धाकट्या भावाला उत्तरायणात लंगर हवा:
दोऱ्याला बांधायचा, गरगर फिरवायचा
आणि गच्चीवरून जाणाऱ्या कटलेल्या पतंगावर फेकायचा.
"वाकडी आहे रे ती," मी म्हणाले.
त्याने ती खिशात टाकली.
"हवेत चालते," म्हणाला.