जिलबीसाठी बीळ

दुकानात कवटी होती, प्लास्टिकची, डोळ्यातून आत शिरायचं.
पडक्या देवळाचा खांब होता, आतून पोकळ.
नारळाची अर्धी करवंटी होती, नऊ पौंडांची.
मी मनातल्या मनात तिचे रुपये केले
आणि गप्प बसलो.
बाहेर डंडी, नोव्हेंबर,
दुपारचे साडेतीन आणि रस्त्यावर दिवे लागलेले.

ऊर्मी एकेकात मूठ घालून बघत होती.
"मोठं आहे. हेही मोठं."
मला वाटायचं, मोठं म्हणजे बरं.
घरं शोधताना मी नेहमी तेच म्हणत आलो,
एक खोली जास्तीची असू दे.
मग त्या जास्तीच्या खोलीतच
कुणीतरी उशी घेऊन झोपायला जातं.

गॉर्डन मकिनले, दुकानदार, मनगटापर्यंत खवल्यांचं गोंदण,
म्हणाला, सापाला ऐसपैस नको असतं.
वेटोळं घातलं की पाठीला, कुशीला
सगळीकडून भिंत लागली पाहिजे,
तेव्हा त्याला पटतं, आपण कुणाला दिसत नाही.
आणि अशा जागा दोन हव्यात.
एक दिव्याखाली, उबेत. एक गार कोपऱ्यात.
एकच दिलीत तर बिचारं
लपायचं म्हणून गारठेल,
नाहीतर शेकायचं म्हणून उघड्यावर बसेल.

"मलापण दोन आहेत," ऊर्मी म्हणाली,
करवंटी जागेवर ठेवता ठेवता.
"सोमवारपासून आईकडचं."
गॉर्डन गोठवलेल्या उंदरांची पिशवी
उगाच दोनदा बांधत राहिला.
मी किमतीच्या चिठ्ठ्या वाचल्या. सगळ्या.

माझी आत्या दिवेलागणीनंतर 'साप' म्हणत नसे,
'लांबडं' म्हणायची, तेही हळू.
तिच्या भाच्याच्या लेकीने नाव ठेवलं जिलबी,
नारिंगी आहे आणि गोल गोल बसते म्हणून.
इथल्या हेलात हाक मारते, शेवटचा 'बी' उंच उडवत.
(जिलबीला कान नाहीत. हे मी तिला सांगितलेलं नाही.
तिला माहीत असणारच.)

फ्रीजवर श्रीखंडाचे रिकामे डबे होते.
अर्ध्या किलोचा सैल पडला.
पाव किलोचे दोन निघाले, एक आम्रखंडाचा.
सुरी गॅसवर तापवली, बाजूला भोक पाडलं,
अंगठा जाईल न जाईल एवढंच.
घरभर जळका वास, खिडकी उघडली तर टे नदीवरचा वारा आत.
कड खरखरीत होती.
माझ्या सामानात कशी आली कोण जाणे, तिच्या आईची नेलफाईल,
तिने घासून घासून ऊर्मीने कड गुळगुळीत केली
आणि गालावर फिरवून पाहिली.
"अजून थोडं."

मी म्हटलं, आयत्या बिळावर नागोबा.
म्हणजे काय ते समजावूनही सांगितलं,
मुंग्या राबतात, हा येऊन बसतो वगैरे.
ती म्हणाली, "पण बाबा, त्याला हात कुठे आहेत खणायला?"
यावर मी तेरा वर्षांचा भाडेकरू
काय बोलणार?

डबे पालथे घातले. एक उबेत, एक गारव्यात.
जिलबीने दोन्ही जिभेने चाखले
आणि दोन दिवस पाण्याच्या वाटीमागे पडून राहिली.
रविवारी रात्री जाताना ऊर्मीने
दोन्ही डब्यांवर चिकटपट्टी लावली,
मराठीत लिहिलं, 'ऊचलून बघु नये.'
उकार दोन्ही उलटे. मी सुधारले नाहीत.

मंगळवारी ड्यूटीवरून आलो तर वाटीमागे कुणी नव्हतं.
काचेपलीकडे नुसते दोन डबे.
फोन आला.
"आहे ना ती?"
"आहे."
"कुठल्यात?"
"कळत नाही."
"मग जमलं," ती म्हणाली.
मागे तिकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली.
"जेवलीस?" मी विचारलं.
"कोण, मी का ती?"