पुरावा जोडावा

रकाना सहा. समाजाभिमुख कार्य.
कमाल गुण दोन. पुरावा जोडावा.

पुरावा म्हणजे एक फोटो:
दिवाळ्याच्या कोळीवाड्यात, जाळी विणायच्या ओट्यावर
पस्तीस बाया, एक कुत्रा,
आणि कडेला माझं कोपर.

चौथ्या रकान्यात मी श्रीमंत आहे.
'निवट्यांच्या कल्ल्यांतलं शिसं', पृष्ठे चौदा,
परदेशी नियतकालिक, गुण दहा.
अकरा जणांनी वाचला तो शोधनिबंध,
त्यात चार वेळा मीच.

ओट्यावर शिसं म्हटल्याबरोबर
धुरपदाबाईंनी विचारलं,
"बाय, तुजा शिसा पेनशिलीतला का खारीतला?"
सगळ्या हसल्या. मीही.
मग हसू ओसरलं ओहोटीसारखं
आणि खालचा चिखल दिसला:
"मंग नातवाला निवट्या घालाव्या का नाय?"

सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
समीक्षकांनीही नाही.
उत्तराला तीन रविवार लागले,
कुठल्या नाल्याचं तोंड, कुठला महिना, केवढी निवटी,
बोटानं चिखलात काढत.

चिखल स्कॅन होत नाही.

सरपोतदार सर म्हणतात, सही-शिक्क्याचं पत्र आणा.
धुरपदाबाई म्हणाल्या, शिक्का नाय, ही ने.
ओल्या फडक्यात चार चिंबोऱ्या, नांग्या बांधलेल्या.
"तू नको सांगलीस, तिथल्या नाय हान."

रात्री बेलापूरच्या फ्लॅटमध्ये
अर्ज उघडा आहे.
सहाव्या रकान्यात लिहिलेलं 'निरंक' मी खोडते.
बेसिनमध्ये काहीतरी खरवडतंय.