पेत्राची सासू

मे महिन्यातला तिसरा रविवार. पारा सेहेचाळीसवर.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून हिलरी ताटावर बसला
आणि फादर औसेफांनी वरणात पोळी कुस्करता कुस्करता
तोच विषय काढला, जुना.

सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर तीस वर्षं
ते चर्चचा इतिहास शिकवत होते.
हिलरी त्यांच्या वर्गातून चौथ्या वर्षी उठला,
खाली उतरला, सदरला नोकरी धरली, मला भेटला.
वाद तेवढा वर्गात अर्धा राहून गेला.
तो महिन्यातून एकदा आमच्याकडे जेवायला येतो.

फादर सांगतात रोमचे ते पोप:
एकाच्या लेकीच्या लग्नाची मेजवानी राजवाड्यात,
एकाचा पोरगा मिसरूड फुटायच्या आत लाल टोपीत,
आणि पुतणे! सगळ्यांना पुतणेच फार,
नाक मात्र हुबेहूब काकांचं.
मी म्हणते, काका-पुतण्यांचं आम्हाला नका सांगू, फादर,
महाराष्ट्रात राहतो आम्ही.
ते इतके हसतात की ठसका लागतो.

मग त्यांचा लाडका हत्ती येतो.
पांढरा, कोचीहून जहाजात चढवलेला, पोपला नजराणा.
आजारी पडला तेव्हा रोमच्या वैद्यांनी
औषधात सोनं घातलं. मेला.
"आमच्याकडचा होता," फादर म्हणतात,
दर वेळी तितक्याच हळू, एखाद्या चुलत्याबद्दल बोलावं तसं.

हिलरी म्हणतो, नियम जमिनीसाठी झाला.
पाद्र्याला पोर झालं की चर्चच्या शेताला वारस उभा राहायचा.
आणि ज्यांना तो पाळायचाच नव्हता
त्यांना तो राखायला काय गेलं?
फादर म्हणतात, खोटं नाणं निघालं
म्हणून कुणी टांकसाळ बंद करत नाही.
देणगी असते ती, पोरा. काहींना मिळते.
"आणि ज्यांना मिळत नाही, पण सही केलेली असते?"

यावर कूलरचा पंखा तेवढा बोलतो.
मला ठाऊक आहे, हिलरी अजून पहाटे पाचला उठतो,
आणि एवढ्या मोठ्या पलंगावर अकरा वर्षं
कडेलाच झोपतो, अंग चोरून,
टेकडीवरची अरुंद खाट पाठीखाली असल्यासारखा.

शेवटी हिलरी हुकमाचं पान टाकतो:
पहिल्या पोपला सासू होती.
पेत्राची सासू. तापाने फणफणली होती,
प्रभूनं हात धरला, ताप उतरला,
उठली आणि सगळ्यांना वाढायला लागली.
लिहिलेलं आहे.

माझी आई कोपऱ्यातल्या खाटेवर पडलेली,
कारण कूलर एकच, आणि तिला तीन दिवस ताप.
आम्हाला वाटलं झोपली आहे.
"मी काई उठून वाढनार नाई, सांगून ठेवतो," ती म्हणाली.
आणि मग, डोळे न उघडता,
"फादर, रातच्याले ताप आला तं
पानी कोन देते जी तुमाले?"

फादरांचा घास हातात.
"घंटी आहे, आजी. उशाशी ठेवली आहे."
"वाजवली कदी?"
ते ताटाकडे बघत राहिले.
मग उठले, माझं न ऐकता ताट स्वतः घासलं,
तिच्या कपाळावरची पट्टी उचलली, माठाच्या पाण्यात बुडवली,
पिळली, परत ठेवली.
ताप काही उतरला नाही.

साडेचारच्या उन्हात त्यांनी स्कूटर काढली.
वाद अर्धाच राहिला. हिलरी फाटकाशी उभा होता,
टेकडीच्या बाजूला तोंड करून, बराच वेळ.

रात्री वीज गेली. कूलर थांबला,
आणि सगळी वस्ती एकदम ऐकू यायला लागली.
अंधारात आई म्हणाली,
"पाय वं, वाजली का?"
इथून टेकडी तीन किलोमीटर.
मी म्हणाले, झोप.
पण हिलरी पलंगावर उठून बसला होता.