माया

मेक्सिको सिटी. सांता फेच्या मॉलमध्ये, जिन्याखालच्या खोपटात
एउलालिया कपडे मापात बसवून देते.
टॉवरांतल्या बायका येतात
पळून, पोहून, अर्ध्या पोटी राहून.
त्यांचं सगळं आतच घ्यायचं असतं.
दोन सेंटिमीटर. परत एक.
ओठांत टाचण्या धरून ती मान डोलावते.

घरी जायला दोन बस, मग चढ.
चढावर पाण्याचा टँकर गुरुवारी येतो,
आला तर.
सोड्याचा ट्रक रोज येतो, नाताळातसुद्धा.
अंधार पडला की मैदानात कुणी पोर सोडत नाही.

नातू आबुंदियो नऊ वर्षांचा.
शाळेच्या पँटचं बटण लावताना श्वास रोखून धरतो.
नर्सच्या कागदावर लिहिलंय :
पालेभाज्या, सफरचंदं, आठवड्यातून दोनदा पोहणे.
‘पोहणे’वर तो बराच वेळ हसला.
शेजारीण गाल ओढून म्हणते, खात्यापित्या घरचा दिसतो.
एउलालिया बादलीतलं पाणी मोजते.

रात्री पँट उलटी करून ती शिवण चाचपते.
बाजारातली स्वस्त पँट,
आत माया सोडलेलीच नाही.
उसवणार काय?
दुपारच्या स्कर्टात बोटभर होती,
कधीच न लागणारी.
बाई म्हणाली, कापून टाका, जाड दिसतं.

ती पट्टी पिशवीत आहे. रेशमी, जांभळी.
करड्या पँटीला दोन्ही बाजूंनी कळ्या घालते.

दिसेल का गं?

हात खाली सोडून चाल,
एउलालिया म्हणते, आणि दोरा दातांनी तोडते.